ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. पण अजिंठ्याचा घाट चढणाऱ्या एसटीच्या चालकाचं काय?

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एसटी फर्दापूर सोडते आणि अजिंठ्याचा घाट सुरू होतो. लेणी बघायला आलेले पर्यटक मागे टी पॉइंटला उतरून गेलेले असतात. उरलेले प्रवासी घेऊन बस चढणीला लागते. चालक गिअर खाली घेतो, इंजिनाचा आवाज एकदम भरून येतो आणि मे महिन्यातली दुपार असेल, तर पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पायांना इंजिनाच्या बाजूने झळा लागतात. वाहकाला कुठलं तिकीट हवं ते ओरडून सांगावं लागतं. घाट संपतो, अजिंठा गाव येतं, खिडकीतून वारं लागतं आणि प्रवासी हे विसरूनही जातो.

चालकाला विसरता येत नाही. त्याची सीट इंजिनाला चिकटून आहे आणि त्याला संध्याकाळी हाच रस्ता पुन्हा धरायचा आहे.

याच घाटात एसटीच्या पुढे मका किंवा कापूस भरलेला एखादा नवा कोरा ट्रक असेल, तर त्याच्या काचा बंद दिसतील. कारण त्या केबिनमध्ये एसी आहे, आणि तो आता मालकाच्या मर्जीवर नाही, कायद्याने आहे. मागून सिल्लोडच्या मिरचीची पोती घेऊन येणारा 'छोटा हत्ती' असेल, तर त्याच्या चालकाला मात्र हा कायदा लागू नाही. एसटीच्या चालकालाही नाही. एकच घाट, एकच ऊन आणि तीन चालक. हे असं का, आणि एसी नसलेल्या गाडीत इंजिनाची उष्णता आणि आवाज अडवायला नेमकं काय करता येतं, हे समजून घेऊ.

नियम नेमका कोणासाठी आहे?

जून २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं की, ट्रकची केबिन वातानुकूलित करण्याच्या फाइलवर त्यांनी सही केली आहे. चालक ४३ ते ४७ अंश तापमानात गाडी चालवतात, त्यांच्या अवस्थेची कल्पना करा, असं ते तेव्हा म्हणाले होते. खर्च वाढेल म्हणून या कल्पनेला आधी विरोध झाला होता, हेही त्यांनी सांगितलं. जुलैत मसुदा आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. १ ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या वाहनांच्या केबिनमध्ये एसी हवाच, असं ती सांगते.

आता हे गट काय आहेत? 'एन' म्हणजे मालवाहू. एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असेल तर एन-१, साडेतीन ते बारा टन एन-२ आणि बारा टनांच्या वर एन-३. छोटा हत्तीसारखी छोटी मालगाडी एन-१ मध्ये मोडते, म्हणून ती नियमाबाहेर राहते. प्रवासी वाहनांचा गट 'एम' आहे. एसटीची मोठी बस एम-३ मध्ये येते, त्यामुळे तिचाही या अधिसूचनेशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'तयार होणाऱ्या' हा शब्द. सप्टेंबर २०२५ पर्यंत बनलेला कुठलाही ट्रक या नियमाखाली येत नाही आणि आपल्याकडे ट्रक पंधरा-पंधरा वर्षं चालतात. म्हणजे संभाजीनगर-जळगाव रस्त्यावर आज दिसणारे बहुतेक ट्रक पुढची कित्येक वर्षं तसेच तापत राहणार.

नियम चुकीचा आहे असं नाही. उलट फार उशिरा आलेला चांगला नियम आहे. पण केबिन तापण्याच्या प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं, एसी. आणि एसीच्या आधी करायचं काम चर्चेतून निसटलं. ते काम म्हणजे इन्सुलेशन: उष्णता आणि आवाज आत येऊच न देणं.

बसमध्ये इंजिन पुढे का असतं?

'शिवनेरी'सारख्या व्होल्वो बसमध्ये इंजिन मागे असतं. तिच्या चालकाला घाटात इंजिनाची घरघर जेमतेम ऐकू येते. साध्या लालपरीत मात्र इंजिन चालकाच्या बाजूला, एका झाकणाखाली असतं. या झाकणाला सगळे 'बॉनेट' म्हणतात. गर्दीच्या गाडीत त्यावर बॅगा, डबे आणि कधी कधी प्रवासीही बसलेले असतात.

याचं कारण तसं सरळ आहे. आपल्याकडच्या साध्या बसची चासी ट्रकच्या चासीची सख्खी बहीण आहे. इंजिन पुढे असलं की रेडिएटरला समोरून वारा मिळतो, मागच्या चाकांनी उडवलेली धूळ कमी खातो, रस्त्यात बिघाड झाला तर मेकॅनिकला हात घालायला सोपं जातं आणि किंमतही आटोक्यात राहते. ग्रामीण रस्त्यांवर धावणाऱ्या महामंडळाला हे सगळं हवं असतं. एसटीने अलीकडे अशोक लेलँडला २,१०४ 'वायकिंग' बसची मोठी ऑर्डर दिली, त्यांतही १९७ अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते पुढेच आहे.

डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण ४० टक्केच चाकांच्या कामी लावतं. उरलेली उष्णता बनते. त्यातली काही रेडिएटरमधून, काही सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि काही इंजिनाच्या अंगातून आजूबाजूला पसरते. इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. चढणीवर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कित्येकशे अंशांपर्यंत जातं. हे सगळं चालकाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर घडतं आणि मध्ये असतो एक पत्रा.

त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर स्वच्छ करण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर गाळणी आणि रासायनिक यंत्रणा बसली. गाळणीत साचलेली काजळी जाळून टाकायची, तर एक्झॉस्टचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. हवा स्वच्छ झाली हे खरंच, पण गाडीच्या पोटात आणखी एक तापणारा भाग वाढला.

४२ अंशांत पंखा का चालत नाही?

मराठवाड्यातल्या चालकाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंशांची असेल तर तोच वारा अंगाला उष्णता देतो. मग थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. त्यासाठी पाणी प्यावं लागतं, आणि पाणी प्यायलं की थांबावं लागतं. थांबायला वेळापत्रकात जागा नसते. म्हणून अनेक चालक पाणीच कमी पितात. ही सवय मूतखड्याला आमंत्रण असते.

इन्सुलेशनची मर्यादाही इथेच कळते. खिडक्या उघड्या असलेल्या बसमध्ये बाहेरची हवा ४२ अंशांची असेल तर जगातलं कुठलंही शीट आतली हवा ३५ वर आणू शकत नाही. 'हे लावा, गाडी एसीसारखी थंड' असं कोणी दुकानदार सांगत असेल तर तो शुद्ध थापा मारतोय. इन्सुलेशन वरची भर थांबवतं. म्हणजे इंजिनाच्या झाकणातून, पायाखालच्या पत्र्यातून आणि छतातून जी उष्णता बाहेरच्या ४२ मध्ये मिसळते, ती. चालकाला जाणवणारा फरक मोठा असतो, कारण तापलेला पत्रा हवेतून नाही तर थेट किरणांनी भाजतो. चुलीपासून दोन हात लांब बसलं तरी तोंडाला धग लागते, तसं.

धग थांबवणाऱ्या चकचकीत शीटचं गुपित

उष्णता तीन वाटांनी येते. धातूतून धावत, हवेबरोबर वाहत आणि किरणांनी. प्रत्येक वाटेला वेगळं कुलूप लागतं, आणि घोळ होतो तो एकाच किल्लीने तिन्ही उघडायच्या नादात.

धातूतून येणारी उष्णता अडवायला फोम, फेल्ट किंवा काचतंतू लागतात. पोलादातून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या हजार पटींहून कमी ती चांगल्या फोममधून जाते. यामागे कमाल फोमची कमी आणि त्यात अडकलेल्या हवेची जास्त आहे. म्हणूनच फोम दाबला, चेपला किंवा तेल-पाण्याने भिजला की त्याचा उपयोग संपला. जुन्या बसच्या पायाखालची गादी बघितली की हे पटतं: पापडासारखी चपटी झालेली असते.

किरणांनी येणाऱ्या धगीला चकचकीत अॅल्युमिनियम लागतं. स्वच्छ फॉइल अशी ९० टक्क्यांहून जास्त धग परत पाठवते. पण एक अट आहे, जी दुकानात फारसं कोणी सांगत नाही. फॉइलच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी हवी, बोटभर तरी. फॉइल तापलेल्या पत्र्याला चिकटवून टाकली तर परावर्तन करायला जागाच राहत नाही. ती पत्र्याइतकीच तापते आणि उष्णता पुढे ढकलते. तिच्यावर धुळीचा थर बसला तरी तेच. अजिंठ्याच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण वर्षानुवर्षं रखडलं होतं, तेव्हा या मार्गावरच्या गाड्यांच्या इंजिनात काय धूळ बसली असेल याची कल्पना केलेली बरी.

आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे उगमाजवळची. मॅनिफोल्डभोवती धातूचं कवच, ज्याला हीट शील्ड म्हणतात, नीट बसवलेलं असेल तर केबिनच्या बाजूला निम्मं काम उरतं. दुरुस्तीच्या वेळी हे कवच काढलं जातं, एखादा बोल्ट मिळत नाही, ते खडखडतं आणि मग 'राहू दे' म्हणून तसंच कोपऱ्यात पडतं. गाडी आधीपेक्षा जास्त तापते अशी तक्रार आली तर आधी हे बघायला हवं. त्याला पैसे लागत नाहीत.

सूर्याचं काय? भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. बसची पुढची काच भलीमोठी असते. उन्हाचा कोन वजा केला तरी एखादा हिटर समोर लावून ठेवावा एवढी उष्णता आत येते, आणि तिला इंजिनाभोवतीचं कुठलंच शीट अडवत नाही. काचेवर गडद फिल्म हा लोकांचा आवडता उपाय आहे, पण पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. छताचं मात्र सोपं आहे. पांढरा रंग आणि आतून थर.

आवाजाचं गणित वेगळं आहे

उष्णता आणि आवाज यांची जोडी आपण एका दमात म्हणतो, आणि दुकानातही एकच शीट दोन्हींसाठी विकलं जातं. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही.

सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यात सेकंदाला ७५ स्फोट होतात. घाटात ऐकू येणारी ती जाड घरघर म्हणजे हे ७५ हर्ट्झ. या ध्वनिलहरीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास भरते. तिच्यासमोर इंचभर फोम लावणं म्हणजे पुराच्या पाण्यापुढे चाळण धरण्यासारखं आहे. फोम, फेल्ट आणि नमदा काम करतात ते बारीक, कर्कश आवाजावर: इंजेक्टरची टकटक, पंख्याची शीळ, गिअरचं रडणं. ते कमी झालं तरी कानाला बराच आराम मिळतो, पण घरघर तशीच राहते आणि ग्राहक म्हणतो, 'पैसे वाया गेले.'

घरघर अडवायला वजन लागतं. जितका जड पडदा, तितका तो कमी हलतो. पडद्याचं वजन दुप्पट केलं तर आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, असा ढोबळ नियम आहे. एक मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला जवळपास ८ किलो भरतो. तेवढ्याच वजनाचं जड रबर किंवा व्हिनाइल त्यावर टाकलं, तर कागदावर ६ डेसिबल मिळतात. कारवाला मायलेजच्या भीतीने विचार करेल. पंधरा-सोळा टनांच्या बसला तीस-चाळीस किलोचं काय कौतुक?

तिसरी गोष्ट पत्र्याच्या थरथरीची. बॉनेट, मजला, दरवाजा हे सगळे ढोलासारखे वाजतात. त्यावर चिकटवायच्या ब्यूटाइल रबरच्या शीटने तो ढोल बसतो. भिजलेल्या डफावर थाप मारली की जसा ठप्प आवाज येतो, तसा. स्वस्तातली डांबरी शीट हेच काम करते, पण मराठवाड्याच्या मे महिन्यात ती मऊ पडते, सरकते आणि गाडीत डांबराचा वास भरून राहतो.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, फट. ध्वनिशास्त्राचा हिशोब असा की, भिंतीत फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर बाकी भिंत कितीही भारी असली तरी ती २० डेसिबलहून जास्त आवाज अडवू शकत नाही. जुन्या बसच्या बॉनेटच्या कडेचं रबर बीडिंग झिजून गेलेलं असतं. क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलांभोवतीची, गिअरच्या दांड्याभोवतीची, वायरिंगच्या भोकांची रबरं फाटलेली असतात. याच फटींतून गरम हवा आणि डिझेलचा वासही येतो. म्हणजे हजारो रुपयांचं शीट लावून बीडिंग जुनं ठेवलं, तर दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी अशी गत होते.

कानाला किती सोसतं?

कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा मानली जाते. जगभरातले तज्ज्ञ ती ८५ वर आणा म्हणतात. मोजमापाचं यंत्र नसेल तर एक साधी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या आसपास किंवा वर आहात. घाटात एसटीचा चालक आणि वाहक एकमेकांशी कसे बोलतात हे आठवून बघा.

अशा आवाजाने कान एका दिवसात जात नाहीत. सुरुवात ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीपासून होते. म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ', 'त' यांतला फरक पुसट होतो. घरचे म्हणतात, 'लक्ष नसतं तुमचं.' तपासणी होईपर्यंत दहा-बारा वर्षं निघून गेलेली असतात, आणि गेलेलं परत येत नाही.

पण प्रश्न फक्त चालकाच्या कानाचा असता तरी एक वेळ गोष्ट वेगळी होती. उष्णता आणि सततची घरघर मिळून थकवा आणतात. थकलेल्या माणसाची प्रतिक्रिया संथ होते, चिडचिड वाढते, मागून आलेला हॉर्न किंवा ब्रेकचा बदललेला आवाज लक्षात येत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. तासांचा हिशोब त्यात होता, पण ते तास किती अंशांत आणि किती डेसिबलमध्ये काढायचे याचा नव्हता. अजिंठ्याच्या घाटातल्या वळणावर हा मागे बसलेल्या चाळीसेक जणांचा प्रश्न असतो.

मग चालकांनी स्वतःच काही केलं तर?

करतात की. बॉनेटवर ओलं गोणपाट, सतरंजी, जुनी गादी, थर्माकोल, सोफ्याचा फोम. त्यांची गरज खरी आहे, पण उपाय धोक्याचा आहे.

गोणपाट वाळलं की ते सरपण होतं. इंजिनाच्या बाजूने लावलेला साधा फोम किंवा कापूस हळूहळू डिझेल आणि ऑइल पितो. मग एखादी ठिणगी, एखादी घासलेली वायर किंवा लाल झालेलं मॅनिफोल्ड पुरेसं असतं. साधा पॉलियुरेथेन फोम जळताना निघणारा धूर आगीपेक्षा आधी माणसाला पाडतो. बस सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हणूनच एक स्पष्ट कलम आहे: इंजिनाच्या कप्प्यात पेट घेणारं किंवा इंधन-तेल शोषणारं ध्वनिरोधक साहित्य वापरायचं नाही, आणि वापरायचंच असेल तर त्यावर काही झिरपणार नाही असं आवरण हवं. आपल्याकडे वाहनाच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. शीट विकत घेताना त्याच्यावर हा क्रमांक आहे का, हे विचारणं हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असायला हवा.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या आगीचा इन्सुलेशनशी संबंध नव्हता. पण पेटलेल्या बसमधून बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो, हे त्या रात्री महाराष्ट्राने पाहिलं. त्या वेळात भर घालणारी किंवा तो आणखी कमी करणारी वस्तू आपण इंजिनाशेजारी लावत असतो.

आणखी एक चूक फार होते. बॉनेटच्या जाळ्या, हवा बाहेर जायच्या फटी शीटने बुजवल्या जातात. केबिन दोन दिवस थंड वाटते आणि घाटात इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकतो. इंजिनाची उष्णता केबिनकडे येऊ द्यायची नाही, पण तिला खाली आणि मागे जायला वाट ठेवावीच लागते.

मारुती ओम्नी, ईको किंवा छोटा हत्ती असणाऱ्यांसाठी तर हे जास्त महत्त्वाचं. या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. कित्येक शाळांच्या व्हॅन हीच गाडी वापरतात. तिथे सीट उचलून आतली मूळ कंपनीची पॅकिंग आणि इंजिनाच्या झाकणाची पट्टी जागेवर आहे का, एवढं बघितलं तरी मुलांच्या पायांना लागणारी धग निम्मी कमी होऊ शकते.

चित्रांसाठी जे केलं

अजिंठ्याला येणाऱ्याला एक नियम माहीत असतो. लेण्यांपर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला ती लावायची आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. गाड्यांचा धूर आणि वर्दळ त्या भित्तिचित्रांपासून दूर राहावी म्हणून हे केलं. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कोणाला त्यात वावगं वाटत नाही. इंजिनाचा त्रास कोणाला होतो आणि तो किती लांब ठेवायचा, याचा विचार या जागेपुरता आपण करून दाखवला आहे.

इंजिनच नको, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली 'शिवाई' ई-बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, नंतर पुणे-संभाजीनगर मार्गावरही ती आली. तिच्यात घरघर नाही, पायाला झळ नाही. पण ५,१५० ई-बसच्या मोठ्या कंत्राटातल्या गाड्या ठरल्या वेगाने आल्या नाहीत, आणि ताफ्यातल्या हजारो डिझेल बस इतक्यात कुठे जात नाहीत. शिवाय ई-बसमध्ये इन्सुलेशनचं महत्त्व वाढतं. तिथे एसी बॅटरीवर चालतो, छत तापलं की एसी जास्त खातो आणि एका चार्जिंगमधलं अंतर घटतं.

या प्रश्नाचा एक भाग संभाजीनगरातच सुटण्यासारखा आहे. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक चिकलठाण्यात आहे. बाकीच्या दोन दापोडी आणि हिंगण्याला. जुन्या चासीवर नवी बॉडी चढवण्याचं काम या कार्यशाळा करत आल्या आहेत. गेल्या काही वर्षांत अॅल्युमिनियमच्या जागी पोलादी बॉडी आली, कारण अपघातात ती प्रवाशांना जास्त वाचवते. सुरक्षेसाठी बॉडी बदलता येते हे तिथे सिद्ध झालंय. बस उघडलेली असतानाच बॉनेटला जड रबर आणि आग न पकडणारा थर, कडेला नवं बीडिंग, पेडलांची रबरं आणि मॅनिफोल्डचं कवच बसवणं हे त्या मानाने किरकोळ काम आहे. बस रस्त्यावर गेल्यावर तेच काम आगारात करायचं म्हणजे एक फेरी रद्द करावी लागते, म्हणून ते होत नाही.

खर्चाचा मुद्दा निघेलच. ट्रकच्या एसीच्या वेळीही तो निघाला होता. इथे मात्र एसीसारखा कॉम्प्रेसर नाही, डिझेल जास्त लागत नाही आणि नवं कंत्राटही काढावं लागत नाही. लागते ती मोजणी. एका बसमध्ये काम करायचं, दुसरी तशीच ठेवायची, दोन्ही बस एप्रिलच्या दुपारी फर्दापूर ते अजिंठा चढवायच्या आणि चालकाच्या कानाजवळचे डेसिबल व गुडघ्याजवळचं तापमान लिहून काढायचं. एक थर्मामीटर, एक ध्वनिमापक आणि घाटाच्या दोन फेऱ्या, एवढीच त्याची सामग्री.